बॅगमास्तर

बॅग मागायला गेलेल्या माणसाला त्याला हवी ती बॅग कधीच न देणं, हा आमच्या मास्तरांचा स्वभाव होता. तुम्ही सुटकेस मागा, ते पिशवी काढणार. पिशवी मागा, ते ट्रंक पुढं सरकवणार. आणि वर, आपण मागितलेली बॅग कशी चुकीची आहे, हे चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगणार. आयुष्यातली पहिली वीस वर्षं मी या माणसावर चिडण्यात घालवली. नंतरची दहा-बारा वर्षंही चिडण्यातच गेली, फक्त कारण बदललं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, एसटीतले. आमच्याकडं कंडक्टरला मास्तर म्हणतात. तीस वर्षं त्यांनी कोल्हापूर-गारगोटी या एकाच रस्त्यावर तिकिटं फाडली आणि लोकांचं सामान टपावर चढवलं-उतरवलं. मंगळवार पेठेत आमच्या समोरच्या दोन खोल्यांत ते आणि मामी राहायचे. एक लेक, ती निपाणीला दिलेली. घरात सामान म्हणाल तर बेताचंच, पण माळ्यावर बॅगा नऊ. काही जुन्या बाजारातल्या, काही कुणी टाकून दिलेल्या, आणि सगळ्या मास्तरांनी दाभण आणि मेणाचा दोरा घेऊन स्वतः शिवून धडधाकट केलेल्या. नव्वद-एक्क्याण्णव सालात आमच्या गल्लीत चांगली बॅग दुसऱ्या कुणाकडं नव्हती. असली तर लग्नातली एक सुटकेस, आणि तिच्यात बाईच्या ठेवणीतल्या साड्या कायमच्या मुक्कामाला. ती रिकामी करायची म्हणजे घर उलटंपालटं. त्यामुळं कुणाला कुठंही जायचं असलं, की पाय आधी मास्तरांच्या दाराकडं वळायचे.

दारात गेलं की तीन प्रश्न. कुठं निघालासा? कशानं जानार? परत कवा येनार? यातला तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. "जाताना बॅग कोन बी भरतंय," मास्तर म्हणायचे. "परत येताना हातात काय असनार हाय, त्ये बगून बॅग घ्यावी." उत्तर मनासारखं आलं नाही तर बॅग मिळायची नाही. मला फक्त बॅग हवी आहे, माझी चौकशी नको, असं एकदा आमच्या घरमालकांनी त्यांना सुनावलं होतं. मास्तरांनी त्यांना धान्याची गोणी दिली आणि म्हणाले, "ही घ्या, हिला काय बी इचारावं लागत न्हाय."

ब्याण्णव साली मला गारगोटीला डी.एड.ला प्रवेश मिळाला. घर सोडून राहायची पहिलीच वेळ. मास्तरांच्या माळ्यावर एक तपकिरी सुटकेस होती, दोन्ही बाजूंना खटकन उघडणाऱ्या कड्यांची. ती हातात घेऊन मी गारगोटीच्या स्टँडवर उतरते आहे, असं चित्र मी महिनाभर डोळ्यांपुढं रंगवलं होतं. मास्तरांनी माळ्यावर चढून खाली काढली पत्र्याची ट्रंक. हिरवी, कोपरे चेपलेली, आणि झाकणावर पांढऱ्या रंगानं त्यांचं स्वतःचं नाव.

"ही नको, मास्तर. सैन्यात नाही चालले मी."

"होस्टेलात कपाट दोघींत एक मिळतंय," ते म्हणाले. "हिला कुलूप लागतंय. वर बसून जेवता येतंय. आनी घरची आठवण आली तर झाकण उघडून त्वांड आत घालून रडता येतंय. सुटकेशीत काय करनार हायस?"

मी तिथंच, ट्रंकेत तोंड न घालता रडले. आईनं मलाच दटावलं. मास्तरांनी स्वतः ती ट्रंक टपावर चढवली, गारगोटीत उतरवली आणि जाताना साऱ्या स्टँडला ऐकू जाईल असं ओरडले, "कुलूप लावत जा गं!" होस्टेलच्या पोरी पुढं सहा महिने मला ट्रंकवाली म्हणत होत्या. आणि सांगायला जिवावर येतं, पण दुसऱ्याच आठवड्यात खोलीतल्या तिघींच्या सुटकेसमधले खाऊचे डबे गेले, माझा तेवढा राहिला. हे मी मास्तरांना कधीच सांगितलं नाही. त्यांना तेवढं सुख कशाला द्यायचं?

त्यांची सगळी शास्त्रं अशीच होती. चिडचिड व्हायची, आणि खोडून काढता यायची नाहीत. मुलाखतीला जाणाऱ्याला ते हमखास सगळ्यात लहान बॅग द्यायचे. "नोकरी लागली तर परत यून मोठी न्हे की. न्हाई लागली, तर मोठी बॅग घिऊन गल्लीतनं येताना धा जनं इचारनार. बारकी असली तर लोकास्नी वाटतंय, बाजाराला गेलता." मयताला जाणाऱ्याला काहीच द्यायचे नाहीत. फक्त खांद्यावर टॉवेल. "बॅग घिऊन गेलं की तितल्या लोकांस्नी वाटतंय, ह्यो ऱ्हायलाच आला." दवाखान्याला तर चेनची बॅग म्हणजे पाप. दवाखान्यासाठी त्यांच्याकडं उघड्या तोंडाच्या दोन वायरच्या पिशव्या होत्या. औषध, तांब्या, कागद, सगळं वरून दिसलं पाहिजे, चेन शोधत बसायला तिथं वेळ नसतो. "दवाखान्याच्या पिशवीचं त्वांड मोठं पायजे," ते म्हणायचे, "आनी ती न्हेनाऱ्याचं बारीक."

डिसेंबरात आम्ही सगळे दादरला जायचो तेव्हाही हेच. प्रत्येकाला एक मोकळी कापडी पिशवी, घडी करून खिशात. जाताना अंगावरचे कपडे आणि भाकरी, येताना पिशवीभर पुस्तकं. त्या गर्दीत खाली ठेवावी लागेल अशी कुठलीही वस्तू न्यायची नाही, असा हुकूम. मास्तर स्वतः मात्र कधी आले नाहीत. गारगोटीची ड्युटी आहे म्हणायचे. पिशव्या देऊन स्टेशनपर्यंत सोडायला यायचे, आणि आम्ही आणलेली पुस्तकं महिनाभर वाचायचे. त्या वेळी मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

माझं लग्न झालं तेव्हा मी शिक्षिका झाले होते, पन्हाळा तालुक्यातल्या एका शाळेवर. शाळेला जाऊन-येऊन करायचे, आणि लग्नानंतरही आम्ही त्याच गल्लीत, आईच्या घराजवळ खोली घेतली. आता तरी मला माझ्या मनासारखी बॅग मिळेल असं वाटलं होतं. नवऱ्याबरोबर महाबळेश्वरला जायचं म्हणून मी ती तपकिरी सुटकेस पुन्हा मागितली. मास्तरांनी दोन वेगवेगळ्या लहान बॅगा काढल्या. नवा नवरा शेजारी उभा, आणि मास्तर त्यालाच समजावताहेत, "पावनं, दोगांचं एका बॅगंत घालू नगासा. मधीच भांडान झालं आनी एकट्यानं परत यायचं म्हटलं, तर रस्त्यात वाटनी कशी करनार?" नवरा खो खो हसला. मी सबंध गल्ली चालून जाईपर्यंत एक शब्द बोलले नाही. तिसऱ्या दिवशी महाबळेश्वरला आमचं खरंच भांडण झालं. मी माझी बॅग उचलून स्टँडवर जाऊन बसलेसुद्धा. तासाभरानं तो त्याची बॅग घेऊन आला. एकच सुटकेस असती तर मी खोलीतच धुमसत बसले असते आणि भांडण लांबलं असतं, हे मला पटतं. पण म्हणून काय लग्नाच्या पहिल्या आठवड्यात असं बोलावं?

मामी या सगळ्यात कधी पडायच्या नाहीत. बुटक्या, सावळ्या, बोलणं मोजकं. बॅगा द्यायचं काम मास्तरांचं आणि परत आलेल्या बॅगा घ्यायचं मामींचं. आमच्याकडं दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत, तसं गल्लीत बॅगही कुणी रिकामी परत करायचं नाही. कुणी मूठभर चिरमुरे घालायचं, कुणी पेढा, कुणी नुसती साखरेची पुडी. मामी बॅग उघडायच्या, पुडी बाजूला ठेवायच्या आणि मग बॅगेत तोंड घालून वास घ्यायच्या. गोव्याहून आलेली बॅग, नागपूरहून आलेली, मिरजेच्या दवाखान्यातून आलेली. मग त्या ती उलटी करून झटकायच्या, उन्हात ठेवायच्या आणि खाली पडलेली रेती, एखादं तिकीट, नारळाची शेंडी निरखून बघत बसायच्या. "समुद्राची वाळू अशी बारीक असती व्हय?" एकदा मला विचारलं. मी म्हटलं, मामी, तुम्ही पाहिलाच नाहीत का समुद्र? त्या म्हणाल्या, "कवा बगनार? ह्यांची ड्युटी."

समुद्राचं त्यांना एवढं काही नव्हतं. त्यांना जायचं होतं बुद्धगयेला. ती एकच गोष्ट मी त्यांच्या तोंडून मागणं म्हणून ऐकली. तेही मागणं नव्हे, विचारणं. विहारातल्या कुणी जाऊन आल्याचं कळलं, की संध्याकाळी चुलीपुढून त्या विचारायच्या, "आपुन कवा जायचं?" आणि आतून मास्तरांचं ठरलेलं उत्तर यायचं, "रिटायर झालो की पयलं त्येच."

सत्त्याण्णव साली मास्तर निवृत्त झाले, आणि खरोखरच पहिली गोष्ट त्यांनी केली ती बुद्धगयेसाठी बॅग घेतली. महिनाभर ते बॅगांच्या दुकानांत हिंडत होते. दुकानदार त्यांना लांबून बघूनच गल्ल्यावरून उठायचे म्हणे. सुटकेस नको, थंडीचे कपडे मावायचे नाहीत. रेक्झिन नको, तडकतं. चाकं तर मुळीच नकोत. तेव्हा चाकांच्या बॅगा नुकत्याच दिसायला लागल्या होत्या आणि मास्तरांचा त्यांच्यावर दात होता. "चाकं असली की मानूस काय बी भरतंय. आपुन किती घेतलंय त्ये हाताला कळाय पायजे." शेवटी जाड निळ्या कापडाची, दोन बंदांची, खांद्याला पट्टा आणि बाहेर एकच खिसा असलेली बॅग आली. दहावी. ती माळ्यावर गेली नाही. मामींच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून कपाटावर ठेवली. ती कुणालाही मिळायची नाही. कुणी बोट दाखवलंच तर मास्तर म्हणायचे, "ती आमची हाय."

आता जातील, असं आम्हाला वाटलं. पहिला हिवाळा आला. मास्तर म्हणाले, तिकडं थंडी फार, फेब्रुवारीत जाऊ. फेब्रुवारीत लेकीचं बाळंतपण. पुढच्या वर्षी बॅगेच्या पट्ट्याची शिवण त्यांच्या मनासारखी नव्हती, ती उसवून पुन्हा घातली, त्यात हिवाळा सरला. त्याच्या पुढच्या वर्षी काय घ्यायचं याची यादी झाली. एका यादीच्या तीन झाल्या. मग बॅग भरून बघणं सुरू झालं. दिवाळी झाली की एका रविवारी मास्तर ती बॅग भरायचे, खांद्याला लावून गल्लीच्या तोंडापर्यंत चालत जायचे, परत यायचे आणि काहीतरी काढून टाकायचे. मामी दारात उभ्या राहून बघायच्या. मग बॅग रिकामी होऊन पुन्हा लुगड्यात जायची. असे सात हिवाळे मी बघितले. गल्लीला त्याची गंमत वाटायची. मला वाटेनाशी झाली. मामींचे गुडघे दुखायला लागले होते, नळावरून पाणी आणताना त्या मध्येच कळशी टेकवायला लागल्या होत्या.

एकदा मी तोंडावर म्हटलं, "मास्तर, बॅगेत जे काही राहील ते तिथं विकत मिळेल. पण मामींना अजून किती वर्षं चालता येणार आहे?"

"बाई," मी नोकरीला लागल्यापासून ते मला बाई म्हणायचे, "घाईनं बॅग भरली की कायतरी ऱ्हातंयच."

"सात वर्षं तयारी करताय. तरी राहतंयच ना?"

ते हसले. मला हसू आलं नाही.

शेवटी दोन हजार चार साली मीच पुढाकार घेतला. विहारातल्या बायकांनी बुद्धगयेसाठी एक खासगी बस ठरवली होती, अठरा दिवसांची. बरोबर काही घरचे पुरुषही होते. मी मास्तरांना न विचारता दोघांची नावं घातली, शेजारशेजारच्या दोन जागा धरल्या आणि मगच सांगितलं. मास्तरांचा चेहरा पडला. पण नाही म्हणाले नाहीत. मामींनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. पुढच्या आठ दिवसांत त्यांनी दोन नवी पातळं घेतली, शंकरपाळ्या केल्या, साऱ्या गल्लीचा निरोप घेतला. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी त्यांच्या घरी गेले, तेव्हा निळी बॅग भरून खाटेवर तयार होती. मी स्वतः पाहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता बस चौकात आली. मी दोघांना आणायला गेले, तर खाटेवर कपड्यांचे ढीग. मामींची पातळं, मास्तरांचे सदरे, स्वेटर, सगळं घडी घातलेलं, आणि बॅग नाही. मामी खाटेच्या कडेला बसलेल्या.

"बॅग कुठं आहे?"

"दिली," मास्तर भिंतीकडं बघत म्हणाले. "कोपऱ्यावरच्या सूनबाईला पाटं दवाखान्यात न्हेली. अडल्याली हुती. त्येंच्याकडं बॅग न्हवती."

अडलेली बाई म्हटल्यावर काय बोलणार? आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी माळ्याखालच्या खुंटीकडं बघितलं. वायरच्या दोन्ही पिशव्या होत्या तशा होत्या.

"मास्तर," मी म्हटलं, "दवाखान्याला चेनची बॅग?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि मला कळलं की त्यांनाही कळलंय. तीस वर्षांत त्यांनी कुणाला चुकीची बॅग दिली नव्हती. ही पहिली.

"बॅग न्हाई तर कसा जाऊ?" ते म्हणाले. "म्होरच्या साली जाऊ की."

मी काय काय बोलले ते आता आठवत नाही. माळ्यावर नऊ पडल्यात, त्यातली कुठलीही घ्या, नाहीतर माझी देते, नाहीतर चादरीत गाठोडं बांधा, असं काहीतरी. चौकात बसचा हॉर्न वाजत होता. एवढ्यात मामी उठल्या. दाराआडच्या बाजाराच्या दोन पिशव्या त्यांनी काढल्या, भाजीची आणि पिठाची. एका पिशवीत स्वतःची पातळं भरली, दुसरीत शंकरपाळ्यांचा डबा, चादर आणि स्वेटर. लांबच्या प्रवासाला हाताला पीळ पडेल अशा पिशव्या नेणं, हा मास्तरांच्या हिशेबी गाढवपणाचा कळस होता. मामींनी नवऱ्याकडं बघितलं. "येतासा?" एवढंच विचारलं. मास्तरांनी खाटेवरच्या एका सदऱ्याची घडी मोडून पुन्हा घातली. मामी एकेक पायरी टेकत खाली उतरल्या. मी त्यांना बसमध्ये बसवून दिलं. मास्तर गल्लीच्या तोंडापर्यंतही आले नाहीत.

त्या अठरा दिवसांत मी त्यांच्याशी बोलणार नव्हते. पण आईनं भाकरी-कालवण दिलं की नेऊन द्यायला मलाच पाठवायची. चौथ्या दिवशी निळी बॅग दवाखान्यातून परत आली होती, आत बारशाआधीचेच पेढे. मास्तर तिच्यापुढं जमिनीवर बसले होते.

"बाई, येक सांगू काय?" ते म्हणाले. "मी आजवर बसून परवास केल्याला न्हाई. सगळा उभ्यानं. खांद्याला तिकिटाची पेटी असली की मला कशाचं भ्या वाटत न्हाई, ह्या टोकापासनं त्या टोकापातूर गाडी माझी. पर पेटी नसली की मला गाडीत काय करायचं त्येच उमजत न्हाई. लेकीकडं निपानीला गेलतो, तर छातीत धडधडाय लागलं. कागलात उतरलो नि चालत परत आलो. तिला सांगितलं, गाडी बंद पडली."

"मामींना माहीत आहे हे?"

"न्हाई."

"का नाही सांगितलंत?"

"लाज वाटती की. साऱ्या गल्लीला परवास शिकवतोय मी."

मला दया यायला हवी होती. आली नाही, खोटं कशाला बोलू? मला संताप आला. ही एवढीशी गोष्ट या माणसानं सात वर्षं निळ्या कापडात गुंडाळून कपाटावर ठेवली आणि त्या बाईला वाटत राहिलं, की पट्ट्याची शिवण बरोबर नाही म्हणून आपण थांबलोय. "हे तुम्ही सात वर्षांपूर्वी बोलला असतात, तर तिनं तुमचा हात धरून नेलं असतं," मी म्हटलं, डबा ठेवला आणि निघून आले.

मामी परत आल्या तेव्हा काळवंडलेल्या, थकलेल्या, पण चेहऱ्यावर मी पूर्वी कधी न पाहिलेलं समाधान. संध्याकाळभर अंगणात बायका त्यांच्याभोवती. बोधिवृक्षाचं एक पान त्यांनी वहीत घालून आणलं होतं, ते हातोहात फिरत होतं. मास्तर आत दाराशी बसून सगळं ऐकत होते. बायका गेल्यावर त्यांनी विचारलं, "पिशव्यांचं बंद तुटलं न्हाईत न्हवं?"

"पिशव्यांचं काय इचारतासा," मामी म्हणाल्या, "तितलं इचारा की."

पण त्यांना ते विचारता आलं नाही.

त्यानंतर मास्तरांनी जे केलं ते बघून मला हसावं की रडावं कळेना. ते बसायला शिकले. आठवड्यातून दोनदा गारगोटीच्या गाडीत जाऊन बसायचे, खिडकीशी, प्रवासी म्हणून. सुरुवातीला दोन थांब्यांनी उतरून यायचे. कुणी म्हातारं माणूस चढलं की ताडकन उठून जागा द्यायचे आणि मग सुटल्यासारखे उभे राहायचे. नवा कंडक्टर त्यांना ओळखून म्हणायचा, "मास्तर, बसा की, का उगं उभं?" वर्षभर हे चाललं. मी शाळेतून येताना एकदा ते मला स्टँडवर भेटले, घामाघूम, पण छाती काढून उभे. "बाई, आज पार गारगोटीपातूर बसून गेलतो. येक डाव बी उटलो न्हाई." सहासष्ट वर्षांचा माणूस, आणि चेहरा पहिलीत पाढा म्हणून दाखवलेल्या पोराचा. त्या दिवशी पहिल्यांदा माझा राग थोडा ढिला झाला.

त्याच आठवड्यात त्यांनी निळी बॅग काढली. यादी नाही, वजन बघणं नाही, गल्लीच्या तोंडापर्यंत फेरी नाही. अर्ध्या तासात बॅग भरली. मला बोलावलं, रेल्वेचं आरक्षण कर म्हणाले, दोघांचं. मग चुलीकडं तोंड करून म्हणाले, "चल, जाऊया. ह्या सालीच."

मामी भाकरी थापत होत्या. त्यांनी ती तव्यावर टाकली, पाणी फिरवलं.

"माझं बगून झालं," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त लागलं. "आता गुडघ्यानं हुईत न्हाई. तुमी जाऊन या."

मास्तर बराच वेळ बॅगेचा पट्टा धरून बसले. मग एकेक कपडा बाहेर काढला. दुसऱ्या दिवसापासून निळी बॅग माळ्यावर बाकीच्या नवांत गेली. गल्लीत मागणारं कुणी राहिलं नव्हतं. प्रत्येक घरात चाकांची बॅग आली होती, आणि मास्तरांना विचारून कुणी घेतली नव्हती.

दोन हजार सातच्या पावसाळ्यात मास्तर गेले. अंथरुणाला चार दिवस. मी शाळेत होते.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, माणसं पांगली, आणि मी मामींजवळ बसून राहिले. मला वाटलं होतं, आता तरी माझा राग जाईल. जात नव्हता. मी म्हटलंसुद्धा, "मामी, माणूस गेल्यावर बोलू नये, पण मला त्यांचा अजून राग येतो. तुम्हाला नाही आला कधी?"

मामींनी पदरानं चष्मा पुसला.

"त्या बसमदी माझ्या शेजारची जागा ह्येंची हुती न्हवं," त्या म्हणाल्या. "तिच्यावर मी पिशवी ठिवलती. जागा धराय. बायका म्हनायच्या, मामी, पिशवी खाली घ्या, कुनाला तर पाय पसरू दे. मी घेतली न्हाई. कऱ्हाड गेलं, सातारा गेलं, पुनं गेलं. मला वाटायचं, ह्यो मानूस यष्टीतला. कुटली गाडी कुटं गाटायची त्येला ठावं हाय. कुटंतर फुडं जाऊन हात करंल आनी चढंल."

"कुठपर्यंत ठेवलीत?"

"गयेपातूर."

बाहेर कुणीतरी खुर्च्या गोळा करत होतं.

"आणि येताना?"

"येताना दिली की जागा," मामी म्हणाल्या. "येक म्हातारी हुती, तिच्या पायाला सूज आलती. तिला म्हटलं, बस बाई हितं, ह्या जागंचं कोन येत न्हाई."